बर्डीवरचा जुन्या पुस्तकांचा ठेला, एकदा जाच
नागपूरच्या बर्डीवर फुटपाथला जुन्या पुस्तकांचा ठेला लागते ना, तिथं दीडशे रुपयात एअर अमेरिका या विमान कंपनीवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक भेटलं अन् दोन रात्री झोपच नाही आली. म्हणजे बघा, अमेरिकन जनरल शेनॉल्टनं १९४६ मध्ये चीनमध्ये काढलेली सिव्हिल एअर ट्रान्सपोर्ट कंपनी १९५० ला सीआयएनं, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर संस्थेनं, गुपचूप विकत घेतली, १९५९ ला नाव एअर अमेरिका झालं, वरून साधी विमान कंपनी अन् आतून लाओसच्या डोंगरात तिथल्या ह्मोंग जमातीच्या लोकांसाठी तांदूळ अन् हत्यारं टाकणं चालू. १९७५ चा व्हिएतनाममधल्या सायगावचा तो गच्चीवरच्या हेलिकॉप्टरचा फोटो, शिडीवर माणसांची रांग, सगळे त्याला अमेरिकन दूतावास समजतात, तो नाहीच आहे, दुसरी बिल्डिंग आहे अन् हेलिकॉप्टर एअर अमेरिकाचं! मला सगळ्यात जास्त लागलं ते पायलटांचं, १९५४ ला व्हिएतनाममधल्या दिएन बिएन फूच्या लढाईत दोघं मेले, तेही सिव्हिलियन म्हणून.

ठेलेवाले काका खूप चांगले, घासाघीस करत नाहीत पण पुस्तक उभ्यानं वाचू देतात. नकाशाची दोन पानं फाटलेली निघाली, घेताना चाळून घ्या. रविवारी सकाळी जा.