हौशी उड्डाणासाठी शाळा निवडताना : नऊ महिन्यांचा अनुभव

मी रत्नागिरीजवळ हापूसची बाग सांभाळतो आणि गेल्या ऑक्टोबरपासून केवळ हौस म्हणून विमान चालवायला शिकत आहे. या नऊ महिन्यांत एक शाळा सोडून दुसरी धरावी लागली. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, हौशी विद्यार्थ्याने एक गोष्ट कसून तपासावी : आपण ज्या दिवशी जाऊ, त्या दिवशी आपले उड्डाण खरोखर होते का?

आम्हा किनाऱ्यावरच्यांना हा प्रश्न अधिक जाचतो. एके काळी हे शिक्षण जुहूला मिळत असे. तिथे १९२८ साली बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि १९२९ च्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटा यांना देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला. आता त्या क्लबचे प्रशिक्षणही धुळ्याला होते. मला रात्रीच्या एसटीने आंबा घाट चढूनच जावे लागते, आणि एक खेप फुकट गेली की दोन रात्रींची झोप व बागेतले दोन दिवस हातचे जातात.

पहिल्या शाळेने सगळे शुल्क आगाऊ घेतले. माहितीपत्रकात पाच विमाने होती, प्रत्यक्षात उडत होती दोन. बाकीची तपासणीसाठी उघडलेली किंवा सुट्या भागांची वाट पाहत उभी. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, खासगी परवान्याला ४०, त्यामुळे वेळापत्रक व्यावसायिक विद्यार्थ्यांकडे झुकणार हे मी समजू शकतो. परंतु ही गोष्ट पैसे भरण्यापूर्वी कोणी सांगितली नाही. पहाटेची शांत हवा त्यांच्या वाट्याला जाई आणि माझा क्रमांक अकरानंतर लागे. तोवर जमीन तापून हवा वर उसळू लागलेली असते, विमान हिंदकळते, आणि नवख्याला धावपट्टीवर उतरणे शिकण्यासाठी ती वेळ अगदीच अयोग्य असते. खारे आणि मतलई वारे अंगावर घेत वाढलेल्या माणसाला हे सहज कळते. तीन महिन्यांत सहा खेपा झाल्या आणि उड्डाण मिळाले जेमतेम चार तासांचे. उरलेले पैसे परत मिळवण्यात आणखी दोन महिने गेले.

जानेवारीत दुसरी शाळा पाहायला गेलो, तेव्हा मागच्या आठवड्याचे वेळापत्रक दाखवायची विनंती केली आणि त्यातली किती उड्डाणे झाली ते विचारले. त्यांनी वही सरळ पुढे ठेवली. शुल्क दहा-दहा तासांचे भरायचे होते. सेस्ना १५२ विमान जुने, रंग उडालेले होते. मात्र प्रत्येक खेपेला प्रशिक्षक तेच राहिले, आणि मागच्या वेळी माझे काय चुकले होते हे त्यांना आठवत असे.

पहिल्या दिवशी सरांनी मला विमानात बसूच दिले नाही. पंखाखालच्या झडपेतून पारदर्शक नळीत थोडे इंधन काढून त्यांनी ती उजेडासमोर धरायला लावली. अ‍ॅव्हगॅस, म्हणजे या छोट्या विमानांचे इंधन, फिकट निळे असते. पाणी त्याहून जड, म्हणून ते तळाशी वेगळे साचते. त्या सकाळी तळाशी मोहरीएवढा एक थेंब होता. थेंब दिसेनासा होईपर्यंत आम्ही तीनदा नमुना काढला, आणि नंतर सर म्हणाले, "आता चला." ज्या शाळेत या कामाची घाई होत नाही, तिथे मी डोळे मिटून शिकायला तयार आहे.

उणिवा इथेही आहेत. राहण्याची सोय जवळ नाही, आणि रेडिओ संभाषणाचे वर्ग आठवड्याच्या मधल्या दिवशी असल्यामुळे मला ते घरीच वाचून भागवावे लागले. जूनपासून ढग खाली उतरले की बरेच दिवस वाया जातात. म्हणून प्रवेश ऑक्टोबरात घ्यावा, जरी आमच्याकडे त्यापाठोपाठ मोहोराची आणि फवारणीची धांदल सुरू होत असली तरी. डीजीसीए म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय; त्यांची मान्यता असलेल्या डॉक्टरांकडून दुसऱ्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी मात्र एक रुपयाही भरण्यापूर्वी करून घ्यावी. डीजीसीए २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांना श्रेणी देते, तीही पाहावी; पण शनिवारी सकाळी सात वाजता तुमच्या नावापुढे विमान आहे की नाही, हे श्रेणीवरून समजत नाही.

माझे २७ तास पूर्ण झाले आहेत. उरलेले १३ पावसाळ्यानंतर याच शाळेत करणार असून पुढच्या दहा तासांचे पैसे मी गेल्या आठवड्यात भरले आहेत.