सरोवराची सायकल-परिक्रमा: बोडनझे की बिवा?

सायकलवरून मोठ्या सरोवराला आरामात फेरी मारायची ठरली की दोन नावं हटकून पुढे येतात. एक जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडच्या मध्ये पसरलेलं बोडनझे, म्हणजेच कॉन्स्टन्स सरोवर. दुसरं जपानच्या शिगा प्रांतातलं बिवा. बोडनझेची फेरी साधारण २६० किलोमीटरची, बिवाची २००. आकडे बघून बिवा सोपं वाटतं, पण माझ्या मते इथेच गफलत होते. रमतगमत जायचं असेल तर पाऊस आला, कंटाळा आला, गुडघा कुरकुरायला लागला तर मधूनच सुटका कशी होणार, हे आधी बघावं.

या बाबतीत बोडनझेचा हात कुणी धरू शकणार नाही. कोन्स्टान्झ आणि मीर्सबुर्गमध्ये फेरीबोट दिवसरात्र चालते. सायकल हाताने ढकलत आत न्यायची, कठड्याशी उभं राहून वारा खायचा, पंधरा मिनिटांत समोरचा काठ. फ्रीडरिक्सहाफेनहून स्वित्झर्लंडच्या रोमान्सहॉर्नला जाणारी बोटही सायकली घेते. म्हणजे २६० किलोमीटर पुरे करायलाच हवेत असं नाही. हवी तेवढी छोटी फेरी जुळवता येते. वाट बहुतेक सपाट आहे. मात्र ती सतत पाण्यालगत जात नाही, मधेच द्राक्षमळ्यांत आणि सफरचंदाच्या बागांत शिरते. मला ते आवडतं. रायखेनाऊ बेटावरचा जुना मठ, लिंडाऊ बंदराच्या तोंडाशी बसलेला दगडी सिंह, फ्रीडरिक्सहाफेनचं झेपेलिन या हवाई जहाजांचं संग्रहालय अशी थांबायची निमित्तं जागोजागी आहेत. काठावर नारिंगी दिवे दिसतील, त्यांच्याकडे लक्ष ठेवा: मिनिटाला ४० वेळा लुकलुकले तर जोरदार वाऱ्याची शक्यता, ९० वेळा लुकलुकले तर वादळ. हा इशारा बोटींसाठी असतो, पण रेनकोट वर काढून ठेवायला सायकलवाल्यालाही उपयोगी. खरी अडचण जुलै-ऑगस्टमधली. तेव्हा वाटेवर इतकी वर्दळ असते की निवांतपणा हरवतो.

बिवाची गोष्ट वेगळी. २०१९मध्ये जपानने या फेरीला राष्ट्रीय सायकल मार्गाचा दर्जा दिला. रस्त्याच्या कडेने निळी रेघ काढलेली आहे, त्यामुळे नकाशा सारखा उघडावा लागत नाही. दक्षिणेचा चिंचोळा, शहरी भाग टाळून बिवा-को ओहाशी पुलावरून पलीकडे गेलात तर सुमारे ५० किलोमीटर वाचतात, आणि ते वाचवावेतच. उत्तरेचा काठ शांत आहे, पण तिथे चढ आहेत, बोगदे आहेत आणि मुक्कामाच्या जागा विरळ. रेल्वे दोन्ही काठांनी धावते खरी, पण सायकल चाकं काढून किंवा घडी घालून पूर्ण पिशवीत बांधल्याशिवाय गाडीत नेता येत नाही. भाड्याची जड सायकल असेल तर हा मार्ग बंदच समजा. पश्चिम काठावर शिराहिगे देवस्थानाची लाल कमान थेट पाण्यात उभी आहे. मंदिर रस्त्याच्या एका बाजूला, कमान दुसऱ्या बाजूला आणि मधून भरधाव महामार्ग. फोटोसाठी तो ओलांडायला जाऊ नका.

एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या माणसासाठी बिवाच्या बाजूने आहे. जपानमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. म्हणून तिथे घड्याळाच्या उलट दिशेने निघायचं, की पाणी कायम आपल्या डाव्या हाताला. बोडनझेला वाहतूक उजवीकडून, तेव्हा घड्याळाच्या दिशेने. पहिल्या दिवशी प्रत्येक चौकात हात आणि डोळे चुकीकडे वळतात, हे गृहीत धरून पहिला टप्पा छोटा ठेवा.

बरोबर मुलं किंवा आई-वडील असतील, हाताशी पाच-सहा दिवस असतील, तर मी दुसरा विचार न करता बोडनझे सुचवीन. तिन्ही देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. फक्त स्विस काठासाठी थोडे फ्रँक जवळ असू द्या. एकटे किंवा दोघेच असाल, चढाचं भय नसेल आणि क्योटोला जाणारच असाल, तर तीन दिवस काढून बिवा करा. क्योटोहून बिवाच्या दक्षिण टोकाचं ओत्सु शहर रेल्वेने जेमतेम दहा मिनिटांवर आहे. एप्रिलच्या मध्याला जमलं तर उत्तम. क्योटोतला साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, ओसरत असतो तेव्हा उत्तरेला काइझु-ओसाकीच्या काठावर तो भरात येतो. मोटारींची रांग लागायच्या आत, भल्या सकाळी तिथून जा.