बाटली भरलेली होती, गॅस दुसराच होता

जुना नायट्रस किट (इंजिनात नायट्रस ऑक्साइड गॅस सोडून गाडीची ताकद वाढवायचं सामान) घ्यायचा विचार असेल तर आधी हे वाचा. माझे ८५ हजार गेलेत.

गाडी जुनी होंडा सिटी, १.५ व्हीटेक, १०६ बीएचपीवाली. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग रेस (सरळ रेषेतली छोटी शर्यत) बघून आल्यापासून डोक्यात किडा वळवळत होता. टर्बोला पैसे नव्हते. ओळखीच्या ओळखीतून एक ट्यूनर भेटला. वापरलेला वेट किट (गॅसबरोबर जादा पेट्रोलही फवारणारा), ५० हॉर्सपॉवर वाढवणारे जेट म्हणजे फवाऱ्याच्या तोट्या, साडेचार किलोची बाटली, "फुल भरून देतो सर." किंमत ६५ हजार. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल कशाला? उगाच कस्टमचं लफडं मागे लागेल." तिथेच उठायला हवं होतं.

पण मी डोळे मिटून पैसे दिले नव्हते. उलट वाचून गेलो होतो आणि तेच नडलं. बाटलीत नायट्रस द्रवरूपात असतो, त्यामुळे गॅस संपत येईपर्यंत दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा फारसा हलत नाही. किती उरलाय ते वजनावरच कळतं. म्हणून मी बाटली थेट भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवली. वर कोरलेलं रिकामं वजन वजा केलं, चोख साडेचार किलो. गेजवर ९०० पीएसआय. पर्ज मारला, म्हणजे नळीतला गॅस बाहेर सोडला, बॉनेटवरून पांढरा फवारा उडाला, गॅरेजमधली पोरं ओरडली. सोड्याची बाटली फोडल्यासारखं नाकात झोंबलं. तेही मला पटलं, कारण रेसिंगच्या नायट्रसमध्ये कोणी नशेसाठी हुंगू नये म्हणून थोडा सल्फर डायऑक्साइड घालतात, हे मी वाचलेलं. अर्धवट वाचणाऱ्याला फसवणं सोपं असतं बहुतेक.

एका बंद धावपट्टीवर ४०२ मीटर, म्हणजे ड्रॅगचा पाव मैल, मारले. गॅसशिवाय १७.४ सेकंद. गॅस मारून १८.१! बटण दाबलं की गाडी झेपावायच्या ऐवजी मागून कोणी धरल्यासारखी बसायची आणि सायलेन्सरमधून काळा धूर. प्लग काढले तर काजळीच काजळी.

ट्यूनरकडे प्रत्येक वेळी उत्तर तयार. टायमिंग दोन अंश रिटार्ड करा (ठिणगी जरा उशिरा पाडा), थंड प्लग (उष्णता लवकर बाहेर टाकणारे) टाका, जेट बदला. सल्ले खोटे नव्हते, नायट्रस लावणारे हे सगळं करतातच. या सगळ्यात आणि एका रिफिलमध्ये आणखी २० हजार गेले.

वहिनी शाळेत विज्ञान शिकवते. जेवताना तिनं सहज विचारलं, "काळा धूर म्हणजे पेट्रोल नीट जळत नाहीये. मग तुझ्या गॅसमधला ऑक्सिजन जातो कुठे?" नायट्रस स्वतः जळत नाही, सिलिंडरच्या उष्णतेत फुटून ऑक्सिजन देतो, सगळी करामत तेवढीच. हे मला तोंडपाठ होतं, तरी प्रश्न सुचला नव्हता.

आईच्या पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला, वरची निवळी घेतली. सकाळी गच्चीवर हातमोजे घालून व्हॉल्व्ह जेमतेम किलकिला केला आणि दोन बरण्यांत गॅस धरला. पहिलीत पेटती अगरबत्ती घातली. नायट्रसमध्ये तिचं टोक फुलून यायला हवं. इथे ते पाण्यात बुडवल्यासारखं विझलं. दुसरीत निवळी ओतून हलवली, दुधासारखी पांढरी झाली. कार्बन डायऑक्साइड! आग विझवायच्या नळकांड्यात असतो तोच. दोन्हींचा रेणुभार ४४, दोन्ही साधारण सारख्याच दाबाखाली द्रव राहतात, दोन्हींचा फवारा पांढरा. "चोर अभ्यास करून आलाय," वहिनी म्हणाली. एकच खूण मी हुकलो. गेजवर ९०० दिसले त्या दिवशी, बाटली तापवायचा हीटर न लावता, खऱ्या नायट्रसनं त्याहून बराच कमी दाब दाखवला असता.

ट्यूनरला फोन केला. "सर, अगरबत्ती दमट असेल."

पोलिसांत जाणार होतो. पण आपल्याकडे असल्या बाटलीला पेसोची (स्फोटकं आणि दाबाखालच्या गॅसच्या सुरक्षेचं सरकारी खातं) मंजुरी लागते. त्यांचं मुख्य कार्यालय नागपुरात, आणि माझ्या बाटलीवर तसला एकही शिक्का नाही. तक्रार करायला गेलो तर आधी मलाच विचारतील, ही बाटली आली कुठून? बिल का नको होतं ते तेव्हा कळलं.

बाटली उघड्यावर रिकामी करून ठेवलीय. सोलेनॉइड (बटणावर गॅस सोडणारे विजेचे व्हॉल्व्ह) आणि नळ्या चांगल्या आहेत म्हणून किट विकायला काढला. पहिल्याच गिऱ्हाइकानं विचारलं, "बिल आहे का?"