नववा आयपॅड हाताशी असताना अकरावा घ्यावा का?

आमच्या घरात आयपॅड एक आणि हक्कदार दोघी. पहाटे साडेपाचला तो माझ्या रियाजाचा तानपुरा असतो, दुपारी लेकीची चित्रवही. शनिवारी संध्याकाळी सात वाजता (तिकडे उन्हाळ्यात तेव्हा सकाळचे साडेनऊ) न्यू जर्सीतल्या दोन मराठी मुली त्यावरूनच माझ्याकडे गाणं शिकतात. मिरजेत राहून तानपुरा अ‍ॅपवर लावते हे सांगताना थोडं कानकोंडं होतं. इथल्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, माझ्याही घरात कोपऱ्यात भोपळ्याचा तानपुरा उभा आहे. पण पावसाळ्यात हवा दमट झाली की तारा जागेवर राहत नाहीत, आणि पहाटेची वीस मिनिटं नुसती लावण्यात जातात.

हा आयपॅड नवव्या पिढीचा, सप्टेंबर २०२१ चा, ६४ जीबीचा. ४ मार्च २०२५ ला अकराव्या पिढीचा जाहीर झाला, १२ मार्चला दुकानात आला. अ‍ॅपल त्याला नुसतं 'आयपॅड (ए१६)' म्हणतं. त्याच वर्षी गणपतीला दादा आला तेव्हा त्याचा नवाकोरा ए१६ मी पंधरा दिवस ठेवून घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवून वापरले. "घ्यावा का?" असं माझ्या ओळखीत बरेच जण विचारतात, कारण नववा पुष्कळ घरांत ऑनलाइन शाळेच्या काळात आला आणि अजून चालतोय.

कागदावरचा हिशेब आधी उरकू.

| | नववी पिढी (२०२१) | अकरावी पिढी (२०२५) |
|---|---|---|
| चिप | ए१३ | ए१६ |
| रॅम | ३ जीबी | ६ जीबी |
| साठवण | ६४ / २५६ जीबी | १२८ / २५६ / ५१२ जीबी |
| पडदा | १०.२ इंच | १०.९ इंच |
| पोर्ट | लाइटनिंग | यूएसबी-सी |
| हेडफोनचं भोक | आहे | नाही |
| वजन (वायफाय) | ४८७ ग्रॅम | ४७७ ग्रॅम |

दहा ग्रॅमचा फरक हाताला कळत नाही. पडद्याचा कळतो, पण थोडाच. वरखालच्या जाड पट्ट्या गेल्या, होम बटण गेलं, बोटाचा ठसा आता वरच्या कडेच्या बटणावर द्यायचा. मला ती सवय दोन दिवसांत लागली. आई मात्र पंधराव्या दिवशीही पडद्याखाली गोल बटण शोधत होती.

तुमच्याकडे दहाव्या पिढीचा, म्हणजे २०२२ चा असेल तर पुढचं वाचून वेळ घालवू नका. अंगकाठी तीच, कव्हरही तेच बसतं, बदलली ती आतली चिप, रॅम आणि साठवण. ६४ जीबी गच्च भरलं नसेल तर त्यावर पैसे घालण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न नववावाल्यांचा आहे.

वेगाबद्दल थोडक्यात. ए१३च्या तुलनेत एकूण कामगिरी ५० टक्क्यांपर्यंत सुधारते असं अ‍ॅपल म्हणतं. तानपुऱ्याच्या अ‍ॅपला त्याचा काडीचा उपयोग नाही, तो ए१३वरही तसाच वाजतो. बंदिशींच्या पीडीएफ दोन्हीवर सारख्याच उघडतात. फरक पडतो तो रॅमचा. जुन्यावर व्हिडिओ कॉल, पीडीएफ आणि ब्राउझरची चार पानं उघडी असली, की ब्राउझरकडे परत जाताना पान पुन्हा पहिल्यापासून लोड होतं. नव्यावर ते जसं सोडलं तसं सापडतं. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेलं आयपॅडओएस २६ (आयपॅड चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) नवव्यालाही मिळालं, खिडक्या हव्या तशा मांडायची नवी सोयही त्यावर आहे. पण ३ जीबीच्या खोलीत किती पाहुणे बसवायचे याला मर्यादा असतेच.

या ओएसच्या यादीतून २०१९ ची सातवी पिढी वगळली गेली. आठवी अजून आहे. म्हणजे बाहेर पडायच्या रांगेत नवव्याच्या पुढे आणखी एक जण उभा आहे, तेव्हा 'अपडेट बंद होतील' या धास्तीने आज धावायचं कारण नाही. आणि एआयसाठी घेत असाल तर जपून. अ‍ॅपलची एआय सोय, 'अ‍ॅपल इंटेलिजन्स', या नव्या आयपॅडवर चालतच नाही, त्यासाठी एअर, प्रो किंवा नवा मिनी लागतो. शिवाय त्याच्या भाषांत मराठी नाहीच.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट: ते हेडफोनचं भोक.

जुन्या आयपॅडमधून एक साधी वायर छोट्या स्पीकरला जाते. पहाटे उठायचं, वायर खोचायची, काळी चार ही माझी पट्टी लावायची, बसायचं. नव्यात ते भोकच नाही. ब्लूटूथ आहे म्हणाल. तानपुऱ्याला चालेल, तो काय अखंड वाजत राहणारा. पण त्याच अ‍ॅपमध्ये मी तबल्याचा ठेका लावते, आणि शिकवताना मध्येच थांबवून 'परत समेवरून' म्हणते. ब्लूटूथवर बोट लावणं आणि आवाज येणं यात जो क्षणभराचा उशीर होतो, तो द्रुत तीनतालात खड्यासारखा टोचतो.

म्हणून यूएसबी-सीला लावायचा छोटा कनेक्टर आणायला गेले. स्टेशनबाहेरच्या दुकानात दीडशे रुपयांचा मिळाला, घरी लावला तर चिडीचूप. दुकानदार म्हणे, "ताई, मोबाइलला चालतो की." चालतही असेल. काही अँड्रॉइड फोन पोर्टमधून थेट अ‍ॅनालॉग आवाज सोडतात, त्यांना नुसता जोड पुरतो. आयपॅड त्या पोर्टमधून डिजिटल आवाज देतो, त्यामुळे कनेक्टरच्या आतच डॅक, म्हणजे डिजिटलचा अ‍ॅनालॉग करणारी चिप, लागते. तो थोडा महाग असतो आणि घेताना पाकिटावर डॅक आहे का ते बघून घ्यावा लागतो. तो आणला, आवाज स्वच्छ आला. पण पोर्ट एकच, आणि ते कनेक्टरने अडवलेलं. चार्जिंगही सोबत हवं असेल तर दोन्ही लागणारा हब, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणारा जोड, घ्या. तीन तासांच्या वर्गाला हे आडवं येतं.

गाण्याशी तुमचा संबंध नसेल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी शून्य किमतीचा. मात्र एका बाबतीत नवा आयपॅड शिक्षकांना निर्विवाद सरस आहे, तो म्हणजे समोरच्या कॅमेऱ्याची जागा. दोन्हीकडे १२ मेगापिक्सेलचाच कॅमेरा, चेहरा हलेल तशी चौकट सरकवणारी सोयही दोन्हीकडे. पण जुन्यात तो आखूड कडेला आहे. आयपॅड आडवा ठेवला की कॅमेरा डाव्या हाताला जातो, आणि समोरच्याला वाटतं आपण दाराकडे बघून बोलतोय. न्यू जर्सीतली धाकटी एकदा विचारती झाली, "काकू, तिकडे कोण आलंय?" नव्यात कॅमेरा लांब कडेच्या मध्यावर आहे. पंधरा दिवसांतल्या दोन शनिवारी ती पोर माझ्या डोळ्यांत बघून गायली. स्पीकरही आडव्या मांडणीत दोन्ही बाजूंना आलेत. जुन्यात दोन्ही एकाच टोकाला होते.

लेकीचं गणित वेगळं. ती दहावीत आहे, इंटरमिजिएट ड्रॉइंगची तयारी आयपॅडवर करते (कागदावरही कर म्हणून मी मागे लागते, ते सोडा). तिच्याकडे पहिल्या पिढीची अ‍ॅपल पेन्सिल आहे, शेपटाकडून लाइटनिंग पोर्टात खोचून चार्ज होणारी. इथे नव्या ग्राहकाची गल्लत होते. ए१६सोबत दुकानात सहसा ₹७,९०० ची यूएसबी-सी पेन्सिल पुढे केली जाते. ती नोट्स लिहायला, पीडीएफवर खुणा करायला उत्तम. पण तिला दाब कळत नाही. हलक्या हाताने टेकवा की दाबून ओढा, रेघ तेवढ्याच जाडीची. शेडिंग करणाऱ्या मुलीला ती देणं म्हणजे सगळ्या पट्ट्या एकाच आवाजात वाजणारी पेटी देणं. जुन्या, ₹९,५०० वाल्या पेन्सिलीला दाबही कळतो आणि तिरपा कोनही, आणि ती नव्या आयपॅडवर चालते. फक्त मधे एक अंगठ्याच्या पेराएवढा पांढरा जोड लागतो: एका बाजूला पेन्सिल, दुसऱ्या बाजूला यूएसबी-सी केबल, केबलचं दुसरं टोक आयपॅडमध्ये. तो जोड वेगळा विकत मिळतो. पेन्सिल २०२२ च्या आधीची असेल तर तो तुमच्या खोक्यात नसणार.

चित्र काढायचा अनुभव मात्र नव्यात फारसा सुधारलेला नाही. दोन्ही आयपॅडमध्ये वरची काच आणि खालचा पडदा यांच्यात बारीक पोकळी आहे. पेन्सिल टेकवली की टक् आवाज येतो, आणि तिरपं बघितलं तर रेघ टोकाच्या किंचित खाली उमटल्यासारखी दिसते. ही पोकळी नको असेल तर एअरकडे जावं लागतं. २०२५ मध्ये एम३ एअर ₹५९,९०० पासून होता, त्यावर ₹११,९०० ची पेन्सिल प्रो. बेरीज ₹७१,८००. शाळकरी चित्रांसाठी माझा हात तिथवर पोचत नाही.

आणि पैशांचंच निघालंय तर ए१६ची किंमत ₹३४,९०० असते हे अर्धसत्य. जुनं कव्हर बसत नाही, पडद्यावर लावायची संरक्षक काच नवी घ्या. नवव्यासाठी घेतलेला स्मार्ट कीबोर्ड असेल तर तो बाद, नव्यासाठीचा अ‍ॅपलचा कीबोर्ड ₹२४,९०० ला, म्हणजे आयपॅडच्या दोन-तृतीयांश किमतीहून जास्त. सिमवाला हवा असेल तर ₹४९,९००, आणि त्यात प्लास्टिकचं सिम घालायला खाच नाही, फक्त ई-सिम. आयपॅड आणि यूएसबी-सी पेन्सिल मिळून ₹४२,८०० होतात. याच किमतीच्या आसपास, ₹४२,९९९ ला, एप्रिल २०२५ मध्ये सॅमसंगचा टॅब एस१० एफई आला. त्याच्या खोक्यातच दाब कळणारा पेन आहे, मेमरी कार्डची खाच आहे, आणि तो पाणी-धुळीलाही दाद देत नाही. घरात आधीपासून अ‍ॅपलचं काही नसेल आणि खरेदी पहिलीच असेल, तर दोन्ही हातात धरून बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. आम्ही सॅमसंगकडे गेलो नाही, कारण माझं तानपुऱ्याचं अ‍ॅप आणि लेकीची चार वर्षांची चित्रं इकडे अडकलेली आहेत. ही निवड नव्हे, अडकणंच आहे, हे मान्य.

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस जीएसटी उतरला तेव्हा शेजारच्या काकांनी "आता टॅब्लेट स्वस्त होणार" असं सांगितलं होतं. ३२ इंचांहून मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आले. टॅब्लेट आधीपासूनच १८ वर होता, तो तिथेच आहे.

मग बदलावा कुणी? ज्यांचा ६४ जीबी भरलाय त्यांनी. आमचं नेमकं तेच झालं. रियाजाचं रेकॉर्डिंग मी फाइल आवळून लहान न करता, वेव्ह (डब्ल्यूएव्ही) प्रकारात ठेवते. तासाला सहाशे एमबीच्या वर जागा जाते. त्यात चित्रांचे थर. आयपॅडला मेमरी कार्ड लागत नाही, दर पंधरवड्याला 'तुझं पुसू की माझं' अशी वाटाघाट सुरू. नव्यात १२८ तर आहेच, शिवाय यूएसबी-सीचा पेन ड्राइव्ह थेट लागतो. पण वेगाची फुशारकी मारू नका, ते पोर्ट यूएसबी २ च्याच गतीचं आहे. पाच तासांची रेकॉर्डिंग हलवायला लावली आणि चहा करून आले, तरी चालूच होतं.

ज्यांच्याकडे २५६ जीबीचा नववा आहे, वापर वाचनाचा, यूट्यूबचा, हिशेबाचा आहे, त्यांनी मुळीच बदलू नये. बॅटरी चार वर्षांत कुठलीही थकते, ती बदलून घेता येते, आणि तो खर्च नव्या आयपॅडपेक्षा बराच कमी आहे. पुण्यात कोरेगाव पार्कला ४ सप्टेंबर २०२५ ला अ‍ॅपलचं स्वतःचं दुकान उघडलंय. मिरजेहून सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर आहे, पण वर्षातून एकदा पुण्याला आपण जातोच.

आम्ही दसऱ्याला ए१६ घेतला, १२८ जीबी, वायफाय, निळा. पेन्सिल घेतली नाही, जोड घेतला. एक्स्चेंजमध्ये नववा द्यायचा विचार होता. त्याचा जो आकडा समोर आला, तेवढ्यात हेडफोनचं भोक असलेला दुसरा तानपुरा मला कुणी दिला नसता. तेव्हा तो आता कायमचा म्युझिक स्टँडवर आहे. चार्जर लावलेला, स्पीकरची वायर खोचलेली, चित्रं पुसून रिकामा झालेला. नवा लेकीचा. शनिवारी तासाभरासाठी मला उसना मिळतो.

एकच कटकट उरली आहे. जोड सापडला नाही की लेक पेन्सिल चार्ज करायला जुन्या आयपॅडमध्ये खोचते, आणि खोचली की तो लगेच विचारतो, हिला जोडू का? घाईत 'हो' दाबलं जातं. मग नव्यावर रेघ उमटत नाही आणि "आई, पेन्सिल बिघडली" अशी हाक येते. परवा त्या पांढऱ्या जोडाला तानपुऱ्याची तुटलेली तार बांधून तो तिच्या टेबलाच्या खिळ्याला टांगलाय.