पुशडी की नेट यूज? शेअर फोल्डरमधून बॅच फाइल चालवताना

सर्व्हरवरच्या शेअर फोल्डरमधल्या बॅच फाइलवर (कमांडच्या ओळी ओळीने लिहिलेली स्क्रिप्ट) डबल क्लिक केलं की काळ्या खिडकीत सूचना येते: यूएनसी पाथ (दोन बॅकस्लॅशने सुरू होणारा नेटवर्कवरचा पत्ता) चालत नाही, म्हणून विंडोज डिरेक्टरी घेतली आहे. पण स्क्रिप्ट थांबत नाही. ती सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमध्ये उभी राहून पुढच्या ओळी चालवत राहते. त्यात 'डेल *.टीएमपी' (सगळ्या टीएमपी फाइल पुसा) असेल तर ती कुठल्या फोल्डरवर हात टाकतेय ते बघा. साध्या युजरला तिथे पुसायची परवानगी नसते, म्हणून बहुतेकदा आपण वाचतो.

कारण एवढंच, की असा पत्ता सीएमडीला (बॅच फाइल चालवणारा, काळ्या खिडकीचा प्रोग्रॅम) चालू फोल्डर म्हणून घेता येत नाही. त्याला ड्राइव्हचं अक्षर लागतं. ते पुशडी आणि नेट यूज या दोन कमांडपैकी कुठल्या कमांडने द्यायचं, हे ठरवायचं आहे.

फाइल जिथे ठेवली आहे तिथेच काम करायचं असेल तर मी डोळे मिटून पुशडी घेतो. कमांड टाइप करताना अक्षरं अर्थात रोमन:

पुशडी "%~डीपी0" || एक्झिट /बी 1

शेवटी पॉपडी. %~डीपी0 म्हणजे बॅच फाइलचा स्वतःचा ड्राइव्ह आणि पाथ. तो नेटवर्कवरचा असेल तर पुशडी झेडपासून उलटं मागे येत पहिलं मोकळं अक्षर घेते आणि थेट त्या फोल्डरमध्ये नेते. पॉपडी ते अक्षर सोडून देते. हीच फाइल पेन ड्राइव्हवर टाकली तरी एक अक्षर बदलावं लागत नाही. दोन उभ्या रेघांनंतरचा भाग गाळू नका: शेअर सापडला नाही तर स्क्रिप्ट भलत्याच फोल्डरमध्ये सुरू होण्याऐवजी तिथेच थांबते. अवतरणचिन्हंही हवीतच. आमच्याकडे 'टॅक्स & ऑडिट' नावाचं फोल्डर होतं; अवतरणं नव्हती, तेव्हा सीएमडीने & पाशी ओळ तोडली आणि पुढचा तुकडा वेगळी कमांड म्हणून चालवायला घेतला.

पुशडीची खोट एकच: मध्येच बाहेर पडलात आणि पॉपडी राहिली, तर अक्षर अडकून राहतं.

नेट यूज घ्यायची ती अक्षर ठरलेलंच हवं असेल तेव्हा. जुन्या अकाउंटिंग प्रोग्रॅममध्ये डेटाचा पाथ 'पी:' असा कायमचा लिहिलेला असतो, मग प्रत्येक कॉम्प्युटरवर पी हाच ड्राइव्ह लागतो. इथे घोळ जास्त. अक्षर आधीच वापरात असेल तर एरर 85. त्याच सर्व्हरवर दुसऱ्या युजरनेमने आधीच कनेक्शन असेल तर 1219. शिवाय %~डीपी0 च्या शेवटी बॅकस्लॅश असतो, तो काढल्याशिवाय नेट यूजला द्यायचा नाही. आणि /पर्सिस्टंट:नो लिहा, नाहीतर पुढच्या लॉगिनला विंडोज तोच ड्राइव्ह पुन्हा जोडायला जाऊ शकतं.

एक्सप्लोररमधून हाताने जोडलेल्या ड्राइव्हवर मात्र स्क्रिप्ट विसंबून ठेवू नका. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केलं की एरवी तो ड्राइव्ह दिसतच नाही, कारण ते वेगळं लॉगऑन सेशन असतं. पुशडी किंवा नेट यूज स्क्रिप्टच्या आतच असेल तर ड्राइव्ह त्याच सेशनमध्ये जोडला जातो.

सब्स्ट (फोल्डरला ड्राइव्हचं अक्षर देणारी कमांड) आपल्याच डिस्कवरच्या लांबलचक पाथसाठी ठीक, नेटवर्कसाठी नको. आणि सगळं नव्याने लिहिणार असाल तर पॉवरशेल (विंडोजची सीएमडीनंतरची स्क्रिप्ट भाषा) घ्या; तिला यूएनसी पाथ चालू फोल्डर म्हणून थेट चालतो, अक्षर लागतच नाही.