मॅडिसनची टिपणं तारखेप्रमाणे वाचली: चार महिन्यांनंतरचा अनुभव

आधी वापरायची रीत सांगतो. १७८७ साली फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना ठरली, त्या परिषदेत व्हर्जिनिया राज्याचा प्रतिनिधी जेम्स मॅडिसन रोज समोर बसून टिपणं काढत होता. ती आज इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. २५ मेची नोंद २५ मेलाच वाचायची, १५ जूनची १५ जूनला, पुढे डोकवायचं नाही, असा नेम मी केला. रविवारी त्यांना सुट्टी, म्हणून मलाही.

नेमाचं खूळ डोक्यात शिरलं ते आंबेडकरांमुळे. आपल्या घटना समितीने फार वेळ लावला, या टीकेला २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात उत्तर देताना त्यांनी अमेरिकेचा दाखला दिला होता: २५ मेला बसले, १७ सप्टेंबरला उठले, चार महिन्यांच्या आत काम पुरं. माझी समजूत अशी की एवढ्यात उरकलं म्हणजे मंडळी एका विचाराची असणार. कसलं काय!

सुरुवात झकास. तेरा राज्यांना एकत्र बांधणाऱ्या जुन्या करारात केंद्राला कर बसवायचा अधिकार नव्हता आणि दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागायची. या मंडळींना पाठवलं होतं त्या कराराची डागडुजी करायला. २९ मेला व्हर्जिनियाच्या रँडॉल्फने नव्या घराचाच आराखडा मांडला आणि ३० मेला स्वतंत्र, सर्वोच्च राष्ट्रीय सरकार हवं असं ठरूनही गेलं. ऱ्होड आयलंडने तर माणूसच पाठवला नव्हता.

सगळ्यात आवडलेली नोंद १ जूनची. कार्यकारी सत्ता एकाच माणसाकडे असावी, असं जेम्स विल्सन सुचवतो आणि सभागृह गप्प होतं. मॅडिसनने ती शांतताही टिपून ठेवली आहे. कारण दिलेलं नाही, पण पुढे जे तो एक माणूस, म्हणजे पहिले राष्ट्राध्यक्ष, झाले ते वॉशिंग्टन तिथेच बसले होते. शेवटी म्हाताऱ्या फ्रँकलिनने सांगितलं की विषय महत्त्वाचा आहे, बोला. मग रँडॉल्फ उठून म्हणाला, हा तर राजेशाहीचा गर्भ आहे.

जून मात्र जड जातो. जुनी इंग्रजी, तुटक शब्द, तेच मुद्दे पुन्हा पुन्हा. १८ जूनला हॅमिल्टन तासन्‌तास बोलला: राष्ट्राध्यक्ष आणि सिनेटर, वर्तन नीट असेपर्यंत तहहयात. ती नोंद मी दोन हप्त्यांत वाचली. नेम मोडला, कबूल.

जुलैत खरी मजा. १६ तारखेला सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला सारखी मतं देण्याची तडजोड ५ विरुद्ध ४ राज्यांच्या मतांनी मंजूर झाली. मॅसॅच्युसेट्सची मतं आपसातच फुटली, न्यू यॉर्कचे दोघे आधीच निघून गेलेले, न्यू हॅम्पशायरवाले अजून पोचायचे होते. लोकसंख्येप्रमाणे मतं मागणारी मॅडिसनची बाजू हरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या राज्यांची माणसं पुढे काय करायचं ते ठरवायला जमली आणि त्याच्याच शब्दांत, वेळ मोघम बोलण्यात गेला. सोसायटीच्या सभेला जाणाऱ्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं वाटेल.

राष्ट्राध्यक्ष निवडायचा कसा, यावर तर नुसता झोपाळा. १७ जुलैला कायदेमंडळाने निवडावा. १९ ला निर्वाचकांनी, म्हणजे खास त्याच कामासाठी नेमलेल्या माणसांनी. २४ ला पुन्हा कायदेमंडळाने. सप्टेंबरच्या सुरुवातीला उरलेल्या मुद्द्यांच्या समितीने परत निर्वाचक आणले आणि तेच टिकले. आजही ज्या पद्धतीवरून तिथे दर निवडणुकीला वाद होतो, ती दमलेल्या माणसांनी केलेली सोय होती असं माझं मत झालं.

ऑगस्टच्या नोंदी वाचून पोटात ढवळतं. प्रतिनिधित्व मोजताना गुलामांची संख्या तीन पंचमांश धरायची, हे आधीच ठरलेलं. २५ ऑगस्टला गुलामांच्या आयातीला १८०८ पर्यंत हात लावायचा नाही असंही ठरलं, आणि ती मुदत वाढवायच्या सूचनेला अनुमोदन मॅसॅच्युसेट्सच्या गोरमचं. माणूस ही मालमत्ता असू शकते ही कल्पना घटनेत येऊ नये, असं मॅडिसन म्हणाला. ‘गुलाम’ हा शब्द घटनेत आला नाही. मॅडिसन स्वतः गुलाम बाळगून होता.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी ही की महत्त्वाचं बरंच काही समित्यांत ठरलं आणि तिथलं काहीच टिपणांत नाही. २६ जुलैला मसुदा समितीकडे कागद गेले, ६ ऑगस्टला तयार मसुदा बाहेर आला. मध्ये माझ्याकडे नुसती रिकामी पानं. उद्देशिकेत राज्यांची नावं एकेक करून होती, ती जाऊन ‘आम्ही संयुक्त संस्थानांचे लोक’ हे आलं तेही भाषा समितीत. दुसरं, मॅडिसन या टिपणांवर नंतर अनेक वर्षं हात फिरवत राहिला. ती छापली गेली १८४० मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका.

आणि टिपणं १७ सप्टेंबरला थांबतात, सरकार मात्र नंतर उभं राहिलं. सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश किती, हे घटनेत नाहीच; सहा हा आकडा १७८९ च्या कायद्याने आला. १२ सप्टेंबरला जॉर्ज मेसन म्हणाला की नागरिकांच्या हक्कांची सनद काही तासांत तयार होईल, तेव्हा एकाही राज्याने बाजूने मत दिलं नाही. मेसनने शेवटी सही केली नाही. मग राज्याराज्यांत मान्यतेसाठी एवढी ओढाताण झाली (व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यू यॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७) की ८ जून १७८९ ला ती सनद मांडायला खुद्द मॅडिसनच उभा राहिला.

घ्यायचीच असतील तर घटनेची छापील प्रत आणि कोण कुठल्या राज्याचा याची यादी शेजारी ठेवा. मी ती जुलैत केली, म्हणून जून इतका जड गेला. घाई असेल त्यांनी १ जून, १६ जुलै, २५ ऑगस्ट आणि १२ सप्टेंबर एवढंच वाचावं. पाचपैकी चार तारे. पाचवा कापला तो समित्यांच्या खोलीत मॅडिसनने वही उघडली नाही म्हणून.