पायी पंचवटी: गाइड चांगला, शेवटचं दुकान टाळा

सोलापूरहून ताई आणि दाजी आले होते. पाहुणे आले की आपण नाशिककर त्यांना रिक्षात बसवून देतो. रिक्षावाला रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन दोन तासांत उरकतो. दर्शन होतं, पण देवळाकडं मान वर करून कुणी बघत नाही. म्हणून या वेळी ओळखीतून गाइड केला. जुन्या नाशकातलाच तरुण पोरगा. माणशी चारशे रुपये, सकाळी साडेसहापासून, सगळं पायी. पैसे वसूल, एक गोष्ट सोडून. ती पुढं सांगतो.

सुरुवात त्यानं नारोशंकराच्या देवळापासून केली. गोदेला पूर आला की "पाणी घंटेला लागलं का?" एवढंच विचारणारे आपण. या पोरानं घंटा नंतर दाखवली. आधी देवळाच्या बाजूला उभं केलं आणि म्हणाला, "भाऊ, त्या मोरांच्या चोचीत काय आहे बघा." मण्यांच्या माळा! खालून बघितलं तरी मणी न् मणी वेगळा ओळखू येतो. मी अंबडला कारखान्याच्या टूलरूममध्ये (साचे-हत्यारं बनवतात तिथं) आहे, त्यामुळं माझी नजर आधी मापावर जाते. छिन्नीनं, तेही दगडात, इतकं सारखं काम! आमच्याकडं मशीनवर असून पोरं जॉब बिघडवतात. मी तिथंच रेंगाळलो, शेवटी ताईनं हाताला धरून पुढं नेलं. १७४७ साली सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी हे बांधलं. तटाच्या चार कोपऱ्यांवर चार मेघडंबऱ्या, म्हणजे दगडी छत्र्या, होत्या. एक पुरात गेली, तीन राहिल्या. घंटा पोर्तुगिजांची, वसई जिंकल्यावर आणलेली, तिच्यावर १७२१ साल आहे.

दाजी म्हणाले, "म्हणजे फिरंग्यांची घंटा आपल्या महादेवाला?"

"हो ना दाजी, आणि ड्यूटी पूर मोजायची," पोरगा म्हणाला. तोवर तोही त्यांना दाजीच म्हणायला लागला होता.

रामकुंडावर फार थांबलो नाही, गर्दी होती. कपालेश्वराच्या पुढ्यात नंदी का नाही, ही गोष्ट ताईला पाठ. तिनं गाइडला तोंड उघडूच दिलं नाही.

काळारामाला मात्र तासभर दिला. सरदार रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं, सगळं काळ्या दगडात. नक्षी बेताचीच, पण घडाई बघा. दगडाला दगड असा बसवलाय की सांध्यात नख जात नाही (मी घालून बघितलं, पुजारी बघत होते). आणखी एक आवडलं. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथं मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो पुढं कित्येक वर्षं चालला, हे पोरानं दारातच, आत जायच्या आधी सांगितलं. रिक्षावाल्याकडून मी हे कधी ऐकलं नव्हतं.

मग नदी ओलांडून सुंदरनारायणाचं देऊळ, १७५६ सालचं. तिथून पेशव्यांच्या काळातला सरकारवाडा बाहेरूनच बघितला.

आता ती गोष्ट. शेवटचा अर्धा तास एका साडीच्या दुकानात गेला. "थेट विणकराकडून, हातमागाची पैठणी," असं दुकानदार सांगत होता. ताईनं काही न बोलता पदर उलटा केला. खऱ्या पैठणीच्या पदरावरचे मोर उलट बाजूनंही सुलट बाजूसारखेच स्वच्छ दिसतात. इथं मागं नुसते सुटे धागे लोंबत होते. दुकानदारानं लगेच चहा मागवला. पोराचा चेहरा उतरला; त्याचं कमिशन असणार, हे उघड आहे. त्याच्यावर माझा राग नाही, पण त्या अर्ध्या तासात तांबट लेन, म्हणजे तांब्या-पितळेची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, बघून झाली असती. पैठणी घ्यायचीच तर येवला आपल्याच जिल्ह्यात आहे, सरळ तिथं जाऊन मागावर बघून घ्या.

पांडवलेणी यात नाहीत आणि त्याच दिवशी कोंबूही नका. लेणी २४ आहेत, पायऱ्या चढून दमायला होतं. तीन नंबरच्या लेण्यातला सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा लेख आणि दहा नंबरमधले क्षत्रप राजा नहपानाच्या घराण्याचे लेख निवांत बघायचे आहेत.

पाचपैकी चार. शनिवार-रविवार टाळा, गाडी घरीच ठेवा, आणि बुकिंग करतानाच "दुकान नको, तांबट लेन दाखव" असं सांगून टाका.